चोकचा चिमटा

आमची पेट्रोलवरची जुनी पिकअप सकाळी चोक ओढल्याशिवाय हूं की चूं करायची नाही. चोकची घुंडी डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी. ती ओढली की इंजिनात पेट्रोल जास्त जातं, गाडी चालू होते. गरम झाली की घुंडी आत ढकलायची. विसरलात तर प्लग काळे पडतात आणि बाईसाहेब भर रस्त्यात बसकण मारतात. त्यात आमची घुंडी लहरी. कधी आपली आपण आत सरकायची, कधी बाहेरच अडकून राहायची. म्हणून ओढलेली घुंडी आपोआप आत सरकू नये यासाठी पप्पांनी तिला कपड्यांचा चिमटा लावलेला.

शहाडला आमची छोटी नर्सरी आहे. ठाण्याच्या सोसायट्यांना कुंड्या पोचवायचं काम पप्पांनी तीस वर्षं एकट्याने केलं. गेल्या वर्षी मात्र ते दोनदा चोक आत ढकलायला विसरले. एकदा आंबिवलीला गाडी बंद पडली, एकदा दुर्गाडीच्या पुलावर. दोन्ही वेळा मी दादाला सांगितलं, पेट्रोलमध्ये कचरा आलेला. तो माझा मोठा भाऊ, काय ते समजला. म्हणाला, आता एकदा जरी असं झालं तरी गाडी विकायची आणि पप्पांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. त्याचंही चुकत नव्हतं. पप्पा हल्ली गिऱ्हाइकांची गेटं विसरायचे. एकदा मलाच विचारलं, तुझी परीक्षा कधी गं? माझं कॉलेज संपून आठ वर्षं झालेली.

तेव्हापासून मी शेजारी बसायला लागले आणि पप्पांनी नवा कायदा केला. गाडी गरम झाली की चिमटा मी काढायचा, घुंडी आत ढकलायची आणि चिमटा माझ्या ओढणीला लावायचा. ओढणीला चिमटा दिसला की पप्पा निर्धास्त. मला विचारायला त्यांना लाज वाटायची, म्हणून ही सोय.

मी कसली निर्धास्त! सिग्नल आला की त्यांच्या पायाकडे बघायचं, वळण आलं की हाताकडे. त्या दिवशी माजिवड्याची मोठी ऑर्डर होती आणि निघायची घाई. कपडे वाळत घालता घालता मी तशीच खाली धावले. मोगऱ्याची एक नाजूक कुंडी मागे ठेवायला नको म्हणून मांडीवर घेतली. कोन गाव आलं तसं पप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मीही हलवली. मला वाटलं, ऊन लागतंय का असं विचारताहेत.

भिवंडी बायपासला पेट्रोलचा वास यायला लागला. पप्पा म्हणाले, पुढच्या टँकरचा असेल. माझ्या डोक्यात सतराशे साठ शंका, पण सगळ्या त्यांच्याबद्दलच्या. ब्रेक वेळेवर दाबतील ना, उतरायचा फाटा लक्षात असेल ना. माजिवड्याच्या पुलावर चढताना गाडीने दोन गचके दिले, मागे काळा धूर सोडला आणि बंद पडली.

मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी कुंडी बाजूला केली तर मोगऱ्याच्या पानांमागे घुंडी बाहेरच, आणि तिच्यावर निळा चिमटा जसाच्या तसा. मग माझ्या ओढणीला काय होतं? वाळत घालायच्या कपड्यांचा दुसरा चिमटा, त्याच पाकिटातला, तोही निळा. सकाळी मीच अडकवून विसरलेला, आणि तोच बघून पप्पांनी कोनला मान हलवलेली. मी घुंडीवरचा चिमटा उपटून मुठीत घेतला आणि चोक आत ढकलला. का उपटला? घाबरले, दुसरं काय.

पप्पांनी घुंडी आत जाताना पाहिली, मग माझी ओढणी पाहिली.

"चिमटा तर तुझ्याकडेच आहे," ते हळूच म्हणाले. "म्हणजे चोक मीच परत ओढला?"

तेवढ्यात ट्रॅफिक हवालदार काच ठोकायला लागला आणि मी खरं सांगायचं सोडून काच खाली करायला लागले. त्या एका मिनिटासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

संध्याकाळी मात्र मी दादासमोर दोन्ही चिमटे टेबलावर ठेवले. चूक माझी आहे, पप्पा काहीही विसरलेले नाहीत, सगळं सांगितलं. तो चिडला नाही. उलट माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "गेल्या दोन वेळेला कचरा आलेला. आता चिमटा आला."

मी रडकुंडीला येऊन पप्पांकडे बघितलं. म्हटलं, तुम्ही तरी सांगा. त्यांनी एक चिमटा उचलला, परत टेबलावर ठेवला.

"राहू दे," ते दादाला म्हणाले. "पोरगी माझ्यासाठी खोटं बोलतेय." आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी चिमट्यांशेजारी ठेवली.

पंधरवड्याने गाडी घ्यायला एक माणूस आला. पप्पा त्याच्या शेजारी, माझ्या जागेवर बसले. थंडीत चोक किती ओढायचा, पावसाळ्यात किती, अॅक्सिलरेटर आधी किती वेळा दाबायचा, आवाज कसा बदलला की आत ढकलायचा, सगळं समजावून सांगितलं. मी खिडकीपाशी उभी राहून ऐकत होते. ते एकही गोष्ट विसरले नाहीत.