पल्लवीची मधली सुट्टी

पल्लवी पुन्हा यायची बंद झाली आणि हेडसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी दहावीची क्लासटीचर.

"मॅडम, ही परत ड्रॉपबॉक्समध्ये गेली तर उत्तर मला द्यावं लागतं. आणा तिला."

ड्रॉपबॉक्स म्हणजे सरकारी पोर्टलवरचा एक कप्पा. शाळा सोडलेल्या मुलांची नावं त्यात पडून राहतात. पल्लवीचं नाव तिथून मीच बाहेर काढलं होतं. आई अंथरुणाला खिळली म्हणून तिनं दहावी अर्ध्यावर सोडली. पुढे आई गेली. भावाचं लग्न झालं, स्वयंपाकघर वहिनीच्या हातात गेलं आणि ही मूर्तिजापूरच्या आमच्या शाळेत परतली. वर्गातल्या पोरींपेक्षा चांगली तीन वर्षांनी मोठी.

पोरी वाईट नव्हत्या. तिला ताई म्हणत, बेंचवर जागा देत. पण ही जवळ गेली की त्यांच्या गप्पा बंद. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन नळापाशी उभी राहायची. एकदा स्टाफरूममध्ये डोकावली आणि कुणी न सांगता चहा टाकला. चहा झकास. मग रोजच यायला लागली. आम्हाला वाटलं, पोरगी रमली.

तेवढ्यात तपासणी लागली. विद्यार्थ्यांकडून असली कामं करून घ्यायची नाहीत, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. हेडसरांनी तिचं स्टाफरूममध्ये येणं बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतच आली नाही.

मी तिच्या घरी गेले. वहिनीनं पाणी दिलं. पल्लवी गवार मोडत बसली होती.

"अगं, चहा बंद झालाय, शाळा नाही."

"मले माईत हाये, मॅडम."

"मग काहून नाही आलीस?"

"तास चालू असला का काई वाटत नाई. सुट्टीची घंटा झाली का मंग मी जाऊ कुठी? तुमच्या तितं गॅसपाशी उभं राहाले तरी जागा होती."

मी रोज अकोल्याहून ये-जा करते, तिथे एकटी राहते. जेवताना टीव्ही लावते, बघत नाही.

"उद्या ये. मी जेवते तुझ्यासोबत."

ती हसली. "मॅडमसोबत? मंग तं पोरी अजूनच दूर जातीन."

तेही खरं होतं. तरी ती आली. परीक्षेपर्यंत आम्ही दोघींनी शेवटच्या बेंचवर डबा खाल्ला. पोरी खरंच आणखी दूर सरकल्या. माझी भाजी चाखून पल्लवी म्हणायची, "मीठ कमी हाये." मला फार बरं वाटायचं.

निरोप समारंभाच्या फोटोत ती पोरींमध्ये नाही, माझ्या शेजारी उभी आहे. पुढे पास झाली. हेडसर खूश. निकालाच्या दिवशी पोरींनी एकमेकींना मिठ्या मारल्या, तिला लांबूनच "अभिनंदन ताई" म्हणाल्या.

सुटलेली मुलं शोधायला आमच्याकडे पोर्टल आहे. त्यांना वर्गात बसवायला योजना आहे. मधल्या सुट्टीसाठी काही नाही.