कॅम्पातली विलायती झारी

वडील गेल्यापासून आईच्या मनात एकच होतं. निपाणीच्या आमच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, अभिषेकासाठी चांदीची झारी द्यायची. सत्तेचाळीस साली बेळगावच्या कॅम्पातले साहेब सामान विकून निघाले, तेव्हा तिथल्याच अनगोळचा माझा सोनार मित्र एका बंगल्यावरून कॉफीचं चांदीचं भांडं घेऊन आला. उंच, निमुळतं, लांब तोटीचं. बुडाला अस्सल चांदीचा सिंहाचा छाप आणि घडवणाऱ्याची दोन अक्षरं.

"तुझ्या आज्ज्याच्याही आधीचं हाय," तो म्हणाला. "आणि कारागीर बघ कसला! दांड्यात ह्या पांढऱ्या चकत्या बसवल्यात. आत उकळती कॉफी असू दे, हात पोळत न्हाय."

"कशाच्या रं चकत्या?"

"चिनी मातीच्या."

चकत्यांत केसासारख्या बारीक रेघा होत्या. चिनी मातीत तशा मी कधी पाहिल्या नव्हत्या. पण शाळेपासूनची मैत्री, आणि भांडं हुबेहूब झारीसारखं. पुन्हा विचारलं नाही.

साहेबाच्या टेबलावरचं भांडं देवाला तसंच कसं द्यायचं? धातू अग्नीवर धरला की शुद्ध होतो, असं आई मानायची. तिनं स्वयंपाकघरात शेगडी पेटवून झारी निखाऱ्यांवर धरली. चकत्या काळवंडल्या आणि घरभर वास सुटला. जळक्या हाडाचा. आमच्या घरात तो कधी आला नव्हता, तरी आईनं ओळखला. पदर नाकाला लावून तिनं शेगडी अंगणात नेली. मग सगळं घर धुऊन काढलं. त्या दिवशी चूल पेटली नाही.

मी झारी घेऊन अनगोळ गाठलं.

"हस्तिदंत हाय त्यो," मित्र हसला. "दात म्हंजे हाड व्हय रं?"

"तुला ठाऊक होतं?"

"सोनाराला कळणार न्हाय? खरं सांगितलं असतं तर घेतली असतीस? आणि पेढीवर तंबाखू विकताना कुठं जातं तुझं सोवळं?"

झारी त्याच्या पुढ्यात ठेवून मी उठलो. पुन्हा त्या दारात गेलो नाही. त्याचं ते हसू मात्र अजून डोळ्यांपुढून गेलेलं नाही.

घरी येऊन आईला म्हणालो, "त्यानं मला फसवलं."

"व्हय," आई म्हणाली. "पर घेताना तुला काईच दिसलं न्हाय?"

मी पायातल्या वहाणा काढायला खाली वाकलो. ती जे समजायचं ते समजली.

पुढं बस्तीसाठी तिनं पितळेची झारी घेतली. ती आणायला जाताना तिनं माझ्या धाकट्या भावाला बरोबर नेलं.