गळ्यातला ठिपका

इंजेक्शननंतरच्या पहिल्या फोटोत बायकोचा गळा सगळाच उजळलेला दिसला. "आता दोन तास थांबा," स्कॅन करणाऱ्या बाई म्हणाल्या. "चांगल्या भागातलं औषध ओसरून जातं. बिघडलेल्या ग्रंथीत ते टिकून राहतं. ऑपरेशनला तेवढीच काढतील."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. चार वर्षं ती हाडं दुखतात म्हणून सांगत होती आणि मी चारचौघांत म्हणायचो, "माझी बहीण यायची झाली की हिची हाडं दुखतात." लोक हसायचे. तीही हसायची. मग रक्तात कॅल्शियम वाढलेलं निघालं आणि ते हाडांतून ओढून घेणाऱ्या गळ्यातल्या इवल्याशा ग्रंथीवर संशय आला. तरी त्या बाकावर मला मनातून वाटत होतं, स्कॅन कोरा निघावा. तिला आजार नसावा म्हणून नव्हे, माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून. बोललेलं बहुतेक ओसरून जातं म्हणतात. एखादं वाक्य मात्र कुठं टिकून राहतं, ते बोलणाऱ्याला कधी दिसत नाही.

दुसऱ्या फोटोत गळा काळा पडला होता. डाव्या बाजूला खाली तुरीच्या दाण्याएवढा एकच ठिपका जळत होता. ती बघतच राहिली. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"याची एक प्रत मिळेल?" तिनं विचारलं.

"डॉक्टरांकडे जाईलच की," बाई म्हणाल्या.

"डॉक्टरांना नको," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "बाहेरच्या खोलीत लावायचीय."