मामीची बांबूची सुई

खुशालचं बूड जमिनीला टेकलेलं मूल-सावली भागातल्या त्या गावात कोणी पाहिलं असेल, तर एका त्याच्या मामीनं. बाकी गावानं त्याला उभाच पाहिला. जेवायला बसला तरी दोन घास झाले की ताट घेऊन अंगणात, तिथून तळ्याच्या पाळीवर. मग ताट कोणाच्या ओट्यावर राहिलं ते शोधत बायको कुंता मोहल्लाभर फिरायची.

आई वारल्यावर सात वर्षांचा खुशाल मामीकडे, बायनाबाईकडे आला. शाळेतून पळून यायचा. मामानं काठी उचलली की मामी म्हणायची, “मीनंच बलावलं होतं त्याले. जाळं धराले कोनी नव्हतं.” हे खोटं ती इतक्या साळसूदपणे बोलायची की मामालाच आपलं चुकल्यासारखं वाटे. मग ती त्याला शेजारी बसवून मासे धरायचं जाळं विणायची सुई हातात द्यायची. “हात गुतले का जीव थाऱ्यावर येते, लेका.” त्याच्या गाठी वाकड्या पडत. तो खेळायला गेला की मामी त्या उसवून नीट घालायची आणि संध्याकाळी बाया जमल्या की सांगायची, “पाहा वो, पोरानं कसं विनलं!” हे खुशालला कळलं तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं.

पंच्याऐंशीच्या फाल्गुनात मामी गेली. तिच्या मुलींनी लुगडी नेली, भांडी नेली. खुशालनं सुई मागितली. वीतभर बांबूची चपटी सुई, एका टोकाला अणकुची, दुसऱ्या टोकाला सूत अडकवायची खाच, आणि मधोमध मामीच्या अंगठ्यानं चाळीस वर्षांत पाडलेला खळगा. त्या खळग्यात अंगठा टेकला की खुशाल तास-तास बसे. कुंताला वाटे, घरात दुसराच कोणी माणूस आला.

आणि शहाऐंशीच्या मे महिन्यात ती सुई दिसेना.

गुरुवारी अख्खा मोहल्ला मिळून जाळ्यांनी तळं ओढून मासे धरणार होता. ज्याचं त्याचं जाळं ज्यानं त्यानं आणायचं, आणि खुशालच्या जाळ्याला म्हैस निघून जाईल एवढं भोक. बुधवार उजाडला तरी तो घरभर हिंडतच होता. कोठी उपसली, सरपण उपसलं, कोंबड्यांचं खुराडं तीनदा पाहिलं.

“कोंबडीनं गिळली का तुमची सुई?” कुंता म्हणाली. “सोमवारी परत मूलले जाऊन प्लास्टिकची आनली ना? घ्या न् विना.”

“हातात ठरत नाई ते.”

“तुमीच ठरत नाई, सुई काय ठरन?”

खुशाल बाहेर गेला, आत आला, परत बाहेर गेला. शेवटी चुलीजवळ थबकून त्यानं वर पाहिलं. “मीनं तर इथी खोसली होती. वर, धुरात.”

बांबूला कीड लागू नये म्हणून सुई धुरात ठेवायची, ही मामीचीच रीत. हे आठवून तो मोकळा झाला, तोच त्याला दुसरंही आठवलं. रविवारी तो सूत आणायला मूलला गेला होता, तेव्हा शेजारच्या झिंगूनं पावसाळ्याआधी छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरून दिले होते.

खुशाल त्याच्या घरी गेला तेव्हा झिंगू बिडी ओढत बसला होता.

“झिंगू, चुलीवरची बांबूची कमची तूनं काढली का गा?”

“काढली नाई. कामाले लावली.” झिंगू खुशीत म्हणाला. “छपराचा एक बांबू हालून राह्यला होता. खोसली तिथीच. थोडी लांब होती, तं शेपटी तोडली. आता वादळ येऊ दे, खुशालभाऊ, कवेलू हालनार नाई!”

“ते माह्या मामीची सुई होय बे!”

झिंगूची बिडी विझली. “मले का मालूम? म्या म्हटलं, एवढी गुळगुळीत कमची कोन ठेवली!”

खुशाल पळत आला, पाटावर मडकं पालथं घालून वर चढला. कुंता ओरडली, “उपटू नोका! रविवारीच घर नीट झालं!” तोवर त्यानं उपटली. तीन कवेलू खाली आले. एक चुलीवरच्या भाताच्या गंजावर, दोन झिंगूच्या कष्टावर.

सुई हातात आली ती तुटकी. खाच गेली होती. खळगा तेवढा शाबूत होता, तुटल्या कडेपासून दोन बोटांवर.

दुपारभर तो कोयत्याच्या टोकानं नवी खाच कोरत राहिला. मग छताच्या भोकातून पडलेल्या उन्हात बसून विणायला लागला. आखूड सुईवर जास्त सूत गुंडाळता येईना. पंधरा-वीस गाठी झाल्या की संपे, की उठा, रीळ आणा, भरा, बसा. उठला की तो एकदा तळ्याकडे बघून येई.

“मामीनं बसवलं, झिंगूनं उठवलं,” कुंता म्हणाली.

पाचव्यांदा तो उठायला गेला, तर ती रीळ घेऊन समोर येऊन बसली. “बसा. सूत मी देतो.”

खुशाल बसला. एक पाय हलतच होता. त्यानं अंगठा खळग्यात टेकवला आणि पुढची गाठ घातली. वाकडी पडली. त्यानं सवयीनं शेजारी, मामी बसायची त्या बाजूला पाहिलं, मग स्वतःच उसवायला घेतली.