माझ्या खांद्यावरची शाल

तीन महिन्यांपूर्वी निलंग्यात माझ्या धाकट्या बहिणीचा सत्कार झाला. आमच्या भागातून पगारावर फुटबॉल खेळणारी ती पहिली मुलगी. तिला शाल-नारळ देऊन झाल्यावर निवेदकाने मलाही पुकारलं. "लोकांचा विरोध पत्करून ज्यांनी बहिणीला मैदानात उतरवलं, ते मोठे बंधू!" मी उठलो, स्टेजवर गेलो आणि शाल घेतली.

खरं वेगळंच आहे. सात वर्षांपूर्वी ती नांदेडला माझ्याकडे राहून कॉलेज करायची, पहाटे विष्णुपुरीला सरावाला जायची. मी तिच्यासाठी स्थळं बघत होतो. बायोडाटा मीच टाइप केला. छंदांत 'भरतकाम, वाचन' लिहिलं. तिने जन्मात कधी सुई धरलेली नव्हती. तरी औशाच्या पाहुण्यांना कळलंच. मामा त्यांचा निरोप घेऊन आले. "पोरगी हाफ चड्डीवर खेळती म्हणं? जावयाला काय गोलकीपर करायलात का?" बैठकीत सगळे हसले. मीही हसलो.

त्याच आठवड्यात बंगळुरूच्या एका क्लबमधून प्रशिक्षक बाईंचा फोन आला. फॉर्मवर पालक म्हणून माझा नंबर होता. चाचणीत तिची निवड झाली होती, महिनाभरात रुजू व्हायचं होतं. मी हिंदीत सांगितलं, तिचं लग्न ठरलंय, ती आता खेळत नाही.

लग्न ठरलेलं नव्हतं. ती आत भाकरी थापत होती. फोन ठेवून मी जेवायला बसलो, तिने गरम भाकरी वाढली.

औशाचं स्थळही मोडलं. आपली निवड झाली नाही असं समजून ती दोन वर्षं एकटीच घाम गाळत राहिली. एकदा बूट सोडता सोडता म्हणाली, "दादा, माझा डावा पाय कच्चा हाय. त्यानंच गेलं बघ."

मी म्हणालो, "असंल."

पुढे एका स्पर्धेत त्याच बाई तिला भेटल्या आणि त्यांनी तिच्या लग्नाचं विचारलं. तेव्हा तिला सगळं कळलं. त्याच हंगामात ती बंगळुरूला गेली. मला एका शब्दानं बोलली नाही.

सत्कारानंतर आईला गावी सोडून आम्ही दोघं लातूरला निघालो. न राहवून मी विचारलं, "तू माइकवर खरं का बोलली नाहीस?"

"आई समोर बसली होती. तुझ्या खांद्यावर शाल पाहून रडायली होती." मग म्हणाली, "आईला तू सांग. मी न्हाई सांगणार."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यानंतर मी तीनदा गावी गेलो. आई दर वेळी शेजारच्या काकूंना बोलावते, मोबाइलमधला माझा शाल घेतानाचा फोटो दाखवते आणि म्हणते, "ह्यो होता म्हणून पोरगी खेळली." काकू माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी चहा संपवतो आणि बस चुकेल म्हणून उठतो.