पुरुष वॉर्डातलं मॅग्नेशियम

चंद्रपुरात एकाच पुरुष वॉर्डात पंधरा वर्षं नर्स म्हणून काढली की किस्से जमवावे लागत नाहीत, रिकाम्या डब्यासोबत तेही घरी येतात. आमच्याकडे दारूनं लिव्हर खराब झालेले पेशंट पुष्कळ. त्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात मॅग्नेशियम कमी निघतं. हा शब्द ऐकला की प्रत्येकाला काही ना काही सुचतंच!

*

एका आजोबांना मॅग्नेशियमची सलाईन लावली होती. त्यानं कधीकधी अंगात ऊब चढते. पाच मिनिटांनी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, इकडेतिकडे पाहिलं अन् हळूच विचारलं, "बाई, पहिल्या धारेची हाय का?"

अख्खा वॉर्ड हसला! आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "गंमत नाई करून राह्यलो. चार दिवसांत आज अंग गरम झालं माहं."

*

मोहर्लीचा एक जिप्सी ड्रायव्हर. टुरिस्टांना गेटातून जंगलात नेऊन वाघ दाखवायचा. पायात असे गोळे यायचे की पलंगाची दांडी धरून ओरडायचा. पोटॅशियम कमी होतं. तीन दिवस दिलं, तरी वर येईना! मग डॉक्टरांनी मॅग्नेशियम तपासलं, तर तेही पार खाली. डॉक्टर त्याला म्हणाले, "दारूमुळं हे लघवीवाटे निघून जातं, अन् तू जेवतही नाहीस. हे भरल्याशिवाय पोटॅशियम अंगात थांबत नाही."

"मंग असं सांगा ना साहेब," तो म्हणाला, "गाईड बसल्याबिगर जिप्सीले गेटातून सोडत नाई!"

नव्या नर्सेसना मी आता हे असंच शिकवते.

*

एक टेलर होता. हात इतके थरथरायचे की चहा बशीतच जास्त जायचा. त्यानं माझ्याकडे सुईदोरा मागितला. मी घरून आणून दिला. रोज सकाळी तो दोरा ओवून पाहायचा अन् खाली ठेवायचा. सातव्या दिवशी ओवला! लगेच डॉक्टरांच्या अॅप्रनचं तुटलेलं बटण लावून दिलं.

"पाहा साहेब, हात थांबले!"

"हात औषधांनी थांबले," डॉक्टर म्हणाले. "आता तू थांब."

तो थांबला की नाही, मला माहीत नाही. बटण टिकून आहे.

*

हेमलकशाच्या पलीकडून बुधीबाई नवऱ्याला घेऊन आली होती. नवरा मंगरू, पोट पाण्यानं फुगलेलं. डॉक्टर त्याला समजावत होते, की दारू अन् उपास दोन्हीनं मॅग्नेशियम जातं. बुधीबाई भिंतीला टेकून ऐकत होती. एकदम म्हणाली, "साहेब, माहं बी रक्त तपासा."

"का? तुम्हीही पिता?"

"नाई. पन तो पिऊन आला का मले जेवन जात नाई."

"म्हणजे कधी कधी?"

"तो तं रोजच पेते."

डॉक्टरांनी तिच्याही तपासणीची चिठ्ठी लिहिली.

दुसऱ्या दिवशी दोघांचे रिपोर्ट सोबतच आले. तिचं मॅग्नेशियम त्याच्याहून कमी होतं! मी ते वाचून दाखवलं. मंगरूनं पुन्हा विचारलं, "कोनाचं कमी हाय म्हन्ता?"

"तिचं."

तो एका हातानं सलाईनची नळी सांभाळत, कण्हत खाटेवरून खाली उतरला.

"तू निज इथी," तो म्हणाला.