पानातलं मीठ

गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपात लेथसमोर उभं राहून कंबर धरली की मी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणायचो. वर्षानुवर्षं. शेवटी मूत्रपिंडांनी तक्रार केली. देशपांडे नगरातले डॉक्टर म्हणाले, "सुरुवात आहे, सांभाळलंत तर निभेल." सांभाळायचं म्हणजे त्या गोळ्या बंद आणि मीठ नावापुरतं. मला दुखत-खुपत काहीच नव्हतं, हीच पंचाईत. धडधाकट माणसाला जन्मठेप झाल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे पानात आधी मीठ वाढतात. आई ऐंशीची, पण वाढायचं काम अजून तिच्याचकडे. पथ्याच्या पहिल्या दिवशी तिने माझ्या पानात मीठ वाढलं नाही आणि स्वतःच्याही नाही. "पोरगा अळणी खाणार आणि मी चवीनं जेवू होय?" माझ्यासाठी वेगळी काढलेली अळणी आमटीच तीही घ्यायला लागली. मी रागावलो, हात जोडले, बायकोने समजावलं. पण आई हटेना. तिच्या मायेचा मला अक्षरशः संताप यायचा आणि तो बोलूनही दाखवता येईना.

तिसऱ्या आठवड्यात आई न्हाणीघराच्या दारात झोकांडी खाऊन बसली. मला तिने मामाच्या नावाने हाक मारली. तिला तशीच दवाखान्यात नेली. रक्त तपासलं, तर अंगातलं मीठ उतरलेलं. "अव्वग उप्पु कोड्री," आईला मीठ द्या, असं कानडीत म्हणत डॉक्टर माझ्यावरच डाफरले. एकाच घरात मला मीठ वैरी आणि तिला औषध!

सलाईन लावून आणल्यावर मी स्वतः तिच्या पानात मीठ वाढलं. तिने पान पुढे सारलं. "तुझ्या पानात नाही, तर मला नको की."

मी हरलो. "बरं, माझ्याही पानात वाढ. पण मी खाणार नाही. तू मात्र खायचं."

तेव्हापासून रोज माझ्या पानात चिमूटभर मीठ पडतं. ते डोळ्यांसमोर ठेवून मी अळणी भाकरी चावतो, तोंडाला पाणी सुटतं, आणि आई जेवते. बरीही झाली. तिच्यासाठी हे असंच चालवायचं, किती वर्षं ते ठाऊक नाही.

काल नकळत माझं बोट मिठाला लागलं. आईचा हात तोंडाशीच थांबला. मी बोट पाण्यात बुडवून धुतलं, तेव्हा तिने घास घेतला.